भुयारातल्या पाकोळ्या

माझं डोकं आधीपासून तापट. सासूबाईंनी ते चार दिवसांत ओळखलं आणि मला सरपण आणायच्या कामाला लावलं, म्हणजे घरात कटकट नको. कारंज्याच्या बाजाराची वाट सोडून मागच्या टेकडीवर चढलं की एक भुयार लागायचं. त्याच्या तोंडाशी शेंदूर फासलेला दगड होता, ती आमच्या वस्तीची भुयारातली माय. दिवाळीपासून होळीपर्यंत तिथे विस्तव न्यायचा नाही, मोठ्यानं बोलायचं नाही, असा दंडक होता, आणि तो सगळं गाव पाळायचं. का, तर माय निजलेली असते.

खरं म्हणजे निजलेल्या असायच्या पाकोळ्या. वटवाघळांचीच जात, पण एवढुशा, मुठीत मावतील अशा. आत छताला दाटीनं लटकलेल्या. दिवाळीपर्यंत किडे खाऊन गुबगुबीत व्हायच्या आणि थंडीभर गार पडून त्याच चरबीवर तगायच्या.

माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात बाहेरगावचे शिकारी आले. त्यांना सायाळ हवी होती. त्यांनी भुयाराच्या तोंडाशी धूर केला, आणि भर दुपारी पाकोळ्या भराभर बाहेर पडल्या. वर घारी, कावळे टपलेलेच. वाचल्या त्या परत आत गेल्या, पण नंतर कितीतरी दिवस सरपणाला गेले की मेलेल्या सापडायच्या, हाडाला नुसती चामडी चिकटलेली. एक जिवंत होती, ती मी पदरात घेतली. तिचं काळीज माझ्या तळव्यावर धडधडत होतं. घरी पोचेपर्यंत ते थांबलं.

"अवेळी जागी झाली का पोटातलं सारं जळून जाते, पोरी," सासूबाई म्हणाल्या. "मंग या थंडीत खायले काय हाय?" मी ढसाढसा रडले. चांगले दिवसभर रडले, आणि त्या शिकाऱ्यांना तोंडाला येईल ते बोलले.

पुढे एका दसऱ्याला सगळी वस्ती नागपूरला जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आली. आल्याबरोबर घराघरातले देव नाल्यात सोडले. मायचा दगड तर सासूबाईंनीच उचलला, मी मागून हात लावला. मला कणभर वाईट वाटलं नाही, उलट पाठ हलकी झाली. बाकीच्या गावानं मात्र बोंब उठवली की माय आता यांचं तळपट करणार. उठता बसता तेच. बाईमाणूस विहिरीवर गेली तरी तेच ऐकवायचे.

पौषात थंडीनं कहर केला आणि माझ्या धाकट्या दिरानं टूम काढली. "टेंभे पेटवून भुयारात शिरू, रॉकेलचे पिपे बडवू. आत माय-बिय काही नाई, हे एकदा साऱ्या गावाले दिसू द्या!"

घ्या! म्हणजे पुन्हा तोच धूर.

"भाऊजी, पाकोळ्या मरतीन ना," मी म्हटलं. "होळीनंतर जा."

तो हसला. "वहिनी, तुमच्या मनातून माय गेली नाई वाटते."

डोक्यात अशी तिडीक गेली म्हणता! पण अडचण तीच होती. जो कोणी 'जाऊ नका' म्हणेल, त्याच्या मनात जुना देव दडलाय असंच वस्ती समजणार. नवऱ्यानं मला डोळ्यांनीच गप्प केलं. दिराचंही चुकत नव्हतं, हेच तर दुखणं. गावानं भिववून भिववून पोरांना वैताग आणला होता.

ठरल्या दिवशी ऊन वर आलं तशी पोरं निघाली. मी आडवाटेनं पळत सुटले आणि त्यांच्या आधी भुयाराच्या तोंडात जाऊन उभी राहिले. पोरं वर आली तेव्हा टेंभे पेटलेले होते. त्यांच्या मागून सासूबाई धापा टाकत चढत होत्या.

"सरका, वहिनी."

"नाई सरकत."

"काऊन?"

खाली बांधावर अर्धं गाव गंमत बघायला जमलं होतं. कोणीतरी ओरडलं, "भेले रे, भेले!" आता पोरं मागे फिरली तर माय जिंकली, आत शिरली तर पाकोळ्या मेल्या. भांडून काही होणार नव्हतं, आणि मला तर भांडणाशिवाय दुसरं येत काय होतं?

मी हात जोडले आणि वंदना सुरू केली.

आमच्यात वंदना सुरू झाली की जो जिथे असेल तिथे हात जोडून उभा राहायचा. दीक्षा नवी, शिस्त कडक. पण टेंभा धरून हात कसे जोडणार? पोरं एकमेकांची तोंडं बघू लागली. मग एकानं टेंभा उलटा करून मातीत खुपसला. दुसऱ्यानं खुपसला. पिपे खाली आले. मागून सासूबाईंचा आवाज माझ्या आवाजात मिसळला. दिराचा टेंभा तेवढा अजून वर होता. शरणं झाली, शीलं सुरू झाली. पहिलंच शील, जिवाची हत्या करणार नाही. ते मी त्याच्याकडे रोखून बघतच पुरं केलं. त्याचा चेहरा लाल झाला. त्यानं टेंभा मातीत दाबला आणि हात जोडले.

वंदना संपली. खालचा ओरडा चालूच होता. दिरानं वहाणा काढल्या.

"मी एकटा जातो," तो म्हणाला. "इस्तो नाई, पिपे नाई. मंग तर झालं?"

आणि चाचपडत अंधारात शिरला.

मी अंधारात डोकावले, काही दिसेना. आत साप असतील, खड्डे असतील. याला काही झालं तर माय पुन्हा येऊन बसणार, कायमची, आणि याला उजेडाशिवाय आत धाडणारी मीच. सासूबाईंनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की बांगड्या रुतत होत्या. आतून चाहूल नाही. खालीही हळूहळू शांत झालं, सगळे त्याच्या बाहेर येण्याची, नाहीतर न येण्याची वाट बघत होते.

तो आला. गुडघ्यांपर्यंत पाकोळ्यांच्या लेंड्यांची काळी माती, कपाळावर टेंगूळ. साऱ्या गावाला दिसेल असा उन्हात उभा राहिला.

"काय रे," खालून कोणीतरी बेंबीच्या देठापासून ओरडलं, "दिसली का माय?"

दिरानं ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला," तो म्हणाला. "निजल्या हायेत."

आणि ते अख्खं गाव, जन्मभराच्या सवयीनं, चूप झालं.