कडूबाईनं धरलेली गाडी

कडूबाईचा गुडघा चढाला कुरकुरायचा आणि तिची नोकरी नेमकी चढाच्या टोकाला होती. धाराशिवच्या स्टँडामागं तिची खोली, आणि वर टेकडीवर मुलींचं वसतिगृह. तिथं ती दोन्ही वेळच्या भाकरी करायची. सकाळच्या भाकरीला उशीर झाला की मुली उपाशी कॉलेजला जात. वसतिगृहाच्या प्रतीक्षा मॅडमही राहायला खाली गावातच; वयानं तिच्या लेकीएवढ्या, पण वेळेच्या बाबतीत सासूसारख्या. त्यांनी शांतपणे सांगून टाकलं होतं, "मावशी, आता एकदा जरी उशीर झाला, तर मी भाकरीचं मशीन मागवणार."

कडूबाईनं मशीनचा व्हिडिओ बघितला. मशीनला गुडघे नव्हते.

अशात स्टँडासमोर भाड्याच्या विजेच्या गाड्या येऊन उभ्या राहिल्या. सायकलीपेक्षा जाड, स्कूटरपेक्षा रोड. मोबाइल दाखवला की कुलूप निघायचं. वर पोचलं की तिथल्या खांबापाशी सोडून द्यायची. लहानपणी माहेरी तेरला भावाची सायकल हाणलेली, त्यामुळं तोल सांभाळायची भीती नव्हती. भाची निकितानं आपला काच तडकलेला मोबाइल तिला दिला आणि समजावलं, "आत्या, ही गाडी कुनाचीच नसती. जो आधी यील त्याची."

"म्हंजी यष्टीवानी?"

"व्हय, तसंच समजा."

कडूबाईनं ते तसंच समजलं. तेर-धाराशिव एसटीत तिचा निम्मा जन्म गेला होता. खिडकीतून रुमाल टाकला की जागा आपली; मग खाली उभं राहून निवांत चहा प्यावा. म्हणून तिनं कामावरून उतरून आल्यावर गाडी लावली, तिच्यावर ठिपक्यांचा रुमाल बांधला आणि घरी गेली. सकाळी गाडी जागच्या जागी! इथली माणसं बांधावरून डोकी फोडतील, पण दुसऱ्याचा रुमाल उचलणार नाहीत.

"काय भाभी, इमान बुक केलंय जणू?" रिक्षावाला शब्बीर म्हणाला.

"व्हय. तुमच्या रिक्षेवानी ढकलावं तर लागत न्हाय."

चांगली गोष्ट पसरायला वेळ लागत नाही. हळूहळू गाड्यांवर टॉवेल आले, उपरणी आली, कुणाची तर टोपीच आली. कंपनीच्या माणसानं सीटवर 'जागा धरू नये' असा कागद चिकटवला. रुमाल बरोबर त्याच कागदावर पसरला जाई, त्यामुळं तो कुणाला वाचता येत नसे.

एका संध्याकाळी वर गाडीच नव्हती. कडूबाई पायी उतरली, आणि खाली धरायलाही काही उरलं नव्हतं. सकाळी येऊन बघते तर गाड्यांची रांग उभी, प्रत्येकीवर रुमाल, आणि माणूस एक नाही.

रिक्षात स्टेशनचे पॅसेंजर कोंबून निघालेला शब्बीर ओरडला, "उचला की भाभी एखादा! बघतंय कोन?"

"म्या न्हाय उचलायची. उद्या माझा कोन ठिवील?"

ती पायीच निघाली. चालता चालता मशीन डोळ्यासमोर फिरत होतं. अर्ध्या चढावर वळणापाशी दगडावर कुणीतरी चप्पल हातात घेऊन बसलं होतं. जवळ जाते तर प्रतीक्षा मॅडम.

"मावशी, एक गाडी मिळाली नाही!" मॅडमना धाप लागली होती. "सगळ्यांवर फडकी! कोणी काढला हा अडाणीपणा?"

कडूबाईनं पदरानं घाम पुसला. "काय की, मॅडम. लोकांला अक्कल न्हाय."

दोघी एकमेकींचा हात धरून वर पोचल्या. दारात मुली खोळंबलेल्या. मॅडम घड्याळाकडं न बघता म्हणाल्या, "आज पोहे करू. मावशी दमल्यात." मशीनचा विषय कुणी काढला नाही.

संध्याकाळी कडूबाई निघाली, तेव्हा मॅडम दारापर्यंत आल्या. पर्समधून कशिद्याचा रुमाल काढून, इकडंतिकडं बघत, हळूच म्हणाल्या, "मला आज उतरायला उशीर होईल. खाली गेल्यावर एवढा माझाही टाकाल का?"

कडूबाईनं रुमाल कमरेला खोचला. "टाकते की. पर कवा गाडी न्हाय घावली आन् उशीर झाला, तर मला बोलायचं न्हाय."