दाराच्या दोन्ही बाजूंचे हत्ती

झाशीच्या लक्ष्मी गेटजवळ राहणारी प्रमोदिनी शेवडे टेलिफोन ऑपरेटर होती. १९६३ साली तिला क्षय झाला. इंजेक्शनांनी छाती बरी झाली, पण कान गेले. औषधामुळेच गेलेत, परत ऐकू येणार नाही, असं डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं. नोकरी सुटली. घरचे ओरडून बोलत आणि ती कळल्यासारखी मान डोलवी.

शेजारी लग्न निघालं. लग्नघराच्या भिंतीवर शुभचित्रं काढायला रामकली नावाची म्हातारी चितारीण आली. प्रमोदिनी दोन दिवस तिच्यापाशी नुसती बघत बसली. तिसऱ्या दिवशी रामकलीनं तिच्या हातात कुंचला दिला आणि दाराजवळच्या कोऱ्या जागेकडे बोट केलं. प्रमोदिनीनं हत्ती काढला. सोंड जरा आखूडच झाली. नवरीची आई येऊन बघत राहिली, मग हसून तिनं दाराच्या दुसऱ्या बाजूला हात केला: इथेही एक हवा.

संध्याकाळी गेरूनं माखलेल्या हातांनी प्रमोदिनी घरी आली.

"आई," ती म्हणाली, "आज मला कुणालाच 'काय म्हणालात' असं विचारावं लागलं नाही गं."

त्या रात्री तिला कित्येक महिन्यांनी गाढ झोप लागली. पुढे वीस वर्षं झाशीतली लग्नघरं तिला बोलावत राहिली.