दुकान आपलं नाय

समोरच्याचा मोबाइल तो आधी आपल्या शर्टाला पुसायचा. मग त्यात जुगाराचं अ‍ॅप टाकून, तीर्थ द्यावं तसा दोन्ही हातांनी परत करायचा. "दुकान आपलं नाय हां," हसून सांगायचा. "आपण फक्त वाट दाखवतो."

पनवेलच्या एसटी स्टँडमागे त्याचं मोबाइल रिचार्जचं दुकान होतं, शेजारी माझं टायपिंगचं. मी कोर्टाचे कागद टाइप करायचो, म्हणून तो मला "वकील" म्हणायचा. गल्लीत त्याच्याइतका गोड माणूस नव्हता. तुम्हीही असा एखादा पाहिला असेल. त्या गोडव्याचाच मला आज सगळ्यात जास्त राग येतो. स्वतः त्याने कधी साधं लॉटरीचं तिकीटही घेतलं नाही. "आपल्याला नाय जमत, छातीत धडधडतं."

एकदा त्या अ‍ॅपच्या परदेशी कंपनीचे दोन इंग्रजी करार घेऊन आला. "वाचा वकील. कुठलं बरं?"

एक लायसन्सचा. कंपनीच्या परवान्याखाली स्वतःच्या नावाने साइट चालवायची. नफा मोठा, पण तक्रारीला उत्तर आपण द्यायचं, आणि खेळणाऱ्याच्या घरच्यांनी येऊन सांगितलं तर त्या माणसाचं खातंही आपणच बंद करायचं. दुसरा रेफरलचा. माणसं पाठवायची, ती जेवढं हरतील त्यात आपला हिस्सा. बाकी कशाशी संबंध नाही.

"रेफरल घ्या," मी म्हणालो. "उद्या कोणी दारात आलं तर सांगता येईल, दुकान आपलं नाही."

ते वाक्य त्याला फार आवडलं.

माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा जवळच्याच कोन गावचा. न्हावा शेवा बंदरावर स्वतःचा ट्रेलर चालवायचा. माझ्याकडे आला की शेजारी चहाला बसायचा. एक दिवस त्याचाही मोबाइल शर्टाला पुसला गेला. मी बघत होतो.

हरत हरत मेहुणा ट्रेलर विकायला निघाला तेव्हा बहीण थेट रिचार्जवाल्याच्या काउंटरवर आली.

"शेट, यांचं खातं बंद करा. यांचा हात थांबत नाय. गाडी गेली तर आमी खायचं काय?"

त्याने तिला खुर्ची दिली, चहा मागवला. "ताई, माझ्या हातात असतं तर आत्ता केलं असतं. दुकान आपलं नाय. इचारा तुमच्या भावाला, त्यांनीच कागद वाचलाय."

ती माझ्याकडे वळली. "दादा, खरं?"

"करारात तसंच आहे," मी म्हणालो.

चहा तसाच ठेवून ती गेली. ट्रेलरही गेला. मेहुणा आता दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर आहे.

पुढे अशा अ‍ॅपवाल्यांची धरपकड सुरू झाली, तसा हा दुकान विकून निघाला. जाताना त्याने माझा हात दोन्ही हातांत धरला. डोळे भरले होते, आणि ते पाणी खोटं नव्हतं. "सल्ला चांगला होता तुमचा, वकील. माझ्यावर काय आलं नाय."

तो कुठे गेला, कोणालाच माहीत नाही. तिथे आता चष्म्याचं दुकान आहे. बहीण बाजाराला येते तेव्हा रस्त्याच्या पलीकडून जाते. ती त्याचं दुकान टाळते, अशी मी बरेच दिवस स्वतःची समजूत घालत होतो. पण ते दुकान तर केव्हाच गेलं.