हात तुझे हायत

आत्या माणसाला आधी थापटायची, मग नाव विचारायची. पाठीवर सपाट हाताची एक थाप, मान कलती, कान पुढे. बायका माठ घेताना वाजवून बघतात, अगदी तसंच. थाप खाल्लेला माणूस गोंधळून वळेपर्यंत निकाल तयार असायचा. "पक्कं हाय." किंवा, बहुतेक वेळा, "कच्चं. अजून लई भाजाय पायजे." एसटीचा पत्रा, कलिंगड, ग्रामसेवकाची मोटरसायकल, नव्या जावयाची पाठ, तिच्या हातून काही सुटायचं नाही. घोडेगावात तिने कच्चा ठरवला नाही असा माणूस मला अजून भेटायचा आहे.

मला तिने थापटलं ते तहसील कचेरीसमोर. डिंभे धरणात जमिनी गेलेल्यांच्या मागण्या घेऊन आम्ही मंडप टाकून बसलो होतो आणि मी पत्रकं वाटत होते. आमच्या घरात पाढ्यांच्या आधी पत्रकं आली. 'मागणी' हा मला वाचता आलेला पहिला शब्द असावा. आत्या, म्हणजे सगळ्या घोडेगावचीच आत्या, मंडपासाठी माठ घेऊन आली होती. माठ ठेवला, माझ्या पाठीत थाप घातली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "कच्ची. तोंडच तेवढं भाजलंय."

मंडप हसला. मी चिडून विचारलं, "म्हणजे काय?"

"हात बघू." तिने माझा तळवा दाबून पाहिला. "ह्या हातानं कागदाबिगर काय धरलंय का, पत्रके?"

तेव्हापासून मी पत्रकेच. दुसऱ्या दिवशी तिला चार शब्द सुनावायला म्हणून कुंभारवाड्यात गेले, आणि संध्याकाळी गुडघ्यापर्यंत चिखलाने भरून बाहेर पडले. माणसं कामाला लावायची तिची हीच रीत होती; मग मी रोजच जाऊ लागले.

त्या घरात चाकावर बसायचे ते नाना, आत्याचे थोरले भाऊ. आत्या तरुणपणीच सासरहून परत आलेली. नानांचा मुलगा माती सोडून कंपनीत लागलेला; त्याची बायको, नानांची सून, खोडदची. तिला मी वहिनी म्हणत असे. ती कमी बोलायची आणि सगळं करायची.

मला वाटत होतं, शिकायला गेलं की पहिल्या दिवशी चाकावर बसवतील. आत्याने मला मातीत उभं केलं. ढेकळं फोडायची, भिजवायची, चाळायची, लीद आणि राख मिसळायची आणि मग तुडवत राहायचं. पायाला खडा लागला की वाकून वेचायचा. राहिला तर भट्टीत भांडं तिथेच फुटतं. "घंटाभरात एक बी खडा घावला न्हाई, तर माती चांगली हाय असं समजू नगं," ती म्हणायची. "पाय झोपलाय असं समज." स्वतः मात्र ती एका जागी ठरायची नाही. ओट्यावर बसली की उठली, वाळत घातलेल्या भांड्यांकडे गेली, आभाळ पाहिलं, स्टँडवर जाऊन कोण आलं ते बघून आली, परत बसली. मलाही कुठे टिकून बसता येत नाही. आमचं जमलं ते बहुधा त्यामुळेच.

तिचं काम थापटण्याचं. नाना चाकावरून जाड, आखूड भांडं उतरवत. आत्या आतून दगडी गोळा धरून बाहेरून लाकडी थापटण्याने ठोकत जायची, आणि ते भांडं फुगून माठ व्हायचं. "नाना जन्माला घालतो, वाढवते मी," ती येईल त्या गिऱ्हाइकाला ऐकवायची. नाना मिशीत हसत.

एकदा मी विचारलं, "मग चाकावर तू का नाही बसत?"

"बाईनं बसू न्हाई."

"कोण म्हणालं?"

"चाक म्हणालं."

माझं डोकं फिरलं. चाकाला मोटर लागली, कुंभारवाड्यात मोबाइलचे मनोरे दिसू लागले, पण नेम जिथल्या तिथे. माती बाईने वाहायची, तुडवायची, थापटायची, भाजायची आणि चाकापाशी आलं की हात मागे. मी त्याच आठवड्यात एक पत्रक लिहिलं आणि ओट्यावर उभं राहून तिला वाचून दाखवलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं, कागद मागून घेतला, घडी घातली आणि भट्टीच्या तोंडात सारून काडी लावली. "चांगलं पेटलं," ती म्हणाली. "म्हंजे कोरडं व्हतं."

चैत्रात नानांना लकवा मारला. जीव वाचला, उजवा हात गेला. अक्षय्यतृतीया तोंडावर आलेली. त्या दिवशी घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावाने मातीची केळी, म्हणजे छोटे माठ, पाण्याने भरून पुजतात, आणि आसपासच्या वाड्यांना ती केळी पिढ्यान्‌पिढ्या याच घरातून जात. स्टँडवर साच्यातल्या भांड्यांचा टेम्पो येऊन उभा राहिला होता. आत्या दिवसातून दहादा तो बघून यायची. "यंदा आमच्या केळीबिगर अखिती झाली ना, की पुढच्या साली कोण इकडं फिरकत न्हाई," ती म्हणाली. "एकदा गिऱ्हाइकाचं घर तुटलं की तुटलं."

"मग बस तू चाकावर."

तिने माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोक्यात वेगळंच शिजत होतं. "तू बस की. तू कुठं कुंभाराची? तुला काय नेम लागत न्हाई."

मी थक्क झाले. जो नेम मोडावा म्हणून मी घसा कोरडा करत होते, तोच टिकवायला ती मला चाकावर बसवत होती! मी साफ नकार दिला. बसायचं तर तू बस, नाहीतर राहू दे चाक बंद. ती ओरडली, मी ओरडले. तिने मला कच्ची म्हटलं, मी तिला गुलाम म्हटलं. आत खाटेवरून नाना गोणपाटाने झाकलेल्या चाकाकडे बघत होते.

शेवटी वहिनी भिजलेल्या मातीचा गोळा घेऊन आमच्यामध्ये उभी राहिली. "ताई, भांडण अखितीनंतर बी करता यील. केळी नंतर न्हाई चालत."

मी बसले. तत्त्व गिळून बसले, म्हणून कदाचित पहिला गोळा चाकावरून थेट भिंतीवर गेला. दुसरा वर चढला आणि कलला. तिसऱ्याचं तोंड पिळवटून आत गेलं. आत्या ओट्यावरून ओरडत होती, "कोपर मांडीला टेकव! अगं हळू दाब, हळू! उसाचं गुऱ्हाळ हाय का ते?" ओरडता ओरडता ती उठली. पायरीवर आली. अंगणात आली. पदर खोचला, परत सोडला, परत खोचला. मग एकाएकी माझ्या मागे बसली आणि माझ्या हातांवर तिचे हात आले. खरखरीत, जड, ओले.

माती शांत झाली.

भांड्याची भिंत आपोआप उठावी तशी उठली. तिची हनुवटी माझ्या खांद्यावर, श्वास कानाशी. मी हळूच म्हणाले, "आत्या, ही तू बसलीस चाकावर."

"म्या चाकाला हात लावला न्हाई. हात तुझे हायत."

आतून नानांचा जड झालेला आवाज आला, "बुड जाड ठिव." ते कुणाला म्हणाले हे त्यांनी सांगितलं नाही.

अशी त्या वर्षीची केळी झाली. बायका आल्या, वाजवून बघितली आणि म्हणाल्या, "नानांचा हात सुधारला वाटतं." "सुधारला की," आत्या म्हणाली आणि माझ्याकडे असं बघितलं की माझ्या तोंडाशी आलेलं सगळं भाषण मी परत गिळलं.

पुढे मी कामासाठी जुन्नरला गेले. वहिनी फोनवर बोलायची. काही महिन्यांनी तिने सांगितलं की ती चाकावर बसते आहे. कुणाला विचारलं? कुणालाच नाही. नानांनी बघितलं आणि भिंतीकडे तोंड केलं, दुसऱ्या दिवशी बघितलं आणि माती पातळ आहे म्हणाले.

आत्या आजारी पडली तेव्हा मी भेटायला गेले. ती खाटेवर होती, पण हाताची चुळबुळ चालूच. माझी मनगटं थापटत होती.

"सून बसती. कळलं का तुला?" ती म्हणाली.

"कळलं."

"कुणाच्या हातावर हात ठिवून न्हाई. सरळ बसती." बराच वेळ ती चाकाचा आवाज ऐकत राहिली. मग एकदम फणकारली, "भवाने, मला म्हणाया काय झालं व्हतं, आत्या बस म्हणून?"

"शंभरदा म्हटलं, आत्या!"

"भांडलीस. म्हणाली न्हाईस."

यावरही आम्ही भांडलो. भांडल्याशिवाय काही हलत नाही, असं मला तेव्हाही वाटत होतं, आजही वाटतं. ती दमली तसं मी तिला पाणी पाजलं. ती आमची शेवटची भेट.

यंदाच्या अक्षय्यतृतीयेला त्या घरात आत्याच्या नावाची केळी भरली. ती वहिनीने चाकावर घडवली होती. पाणी भरायच्या आधी वहिनीने ती माझ्या पुढे केली. मी सपाट हाताने एक थाप मारली आणि कान पुढे केला. खणखणीत वाजली. खाटेवरून नाना माझ्याकडे बघत होते, वहिनी बघत होती, आणि निकाल द्यायची पाळी माझी होती.

"कच्चं," मी म्हणाले. "अजून लई भाजाय पायजे."

नाना आधी हसले. मग रडले.