धुऱ्यावरचा कॅमेरा

बाबांच्या खुब्याचं हाड मोडलं ते वावरात नाही, घरच्या न्हाणीत. हाडापेक्षा याचाच त्यांना जास्त राग आला. जन्मभर विहिरीच्या काठावर उभं राहून मोटर ओढणारा माणूस टाइल्सवरून घसरला, आणि त्या टाइल्स मी हौसेनं बसवलेल्या. त्या हिवाळ्यात घरात माझ्या शब्दाला फारशी किंमत नव्हती.

डॉक्टरांनी दोन गोष्टी बंद केल्या, वावर आणि तंबाखू. उंद्रीतल्या आमच्या घरापासून वावरापर्यंत पांदण रस्ता, नुसते खड्डे. ऑपरेशन करून बसवलेल्या नव्या खुब्याला ते धक्के सोसणार नव्हते. तंबाखू का बंद, हे डॉक्टरांनी सांगितलं नाही आणि मायनं विचारलंही नाही. तिनं बाबांच्या वहाणा कोठीत गव्हाच्या पोत्यांमागे टाकल्या, चुन्याची डबी चुलीत घातली, कोठीला कुलूप लावून किल्ली कमरेला खोचली.

बाबा खाटेवर पडून राहिले. ताटात अर्धी भाकर तशीच ठेवायचे. आधी मला वाटलं, रुसलेत. मग एकदा त्यांना आंघोळ घालताना हाताला नुसती हाडं लागली आणि मी घाबरलो.

मी चिखलीला नोकरी करतो. रोज येताना वावरात चक्कर मारायचो आणि बाबांना मोबाईलमधले फोटो दाखवायचो. माझ्या पिढीचा फोटोवर फार विश्वास. सकाळी ग्रुपवर फुलांचा फोटो टाकला की आम्हाला काही काम केल्यासारखं वाटतं.

बाबांनी हरभऱ्याचा फोटो पाहिला. "हा कव्हाचा?"

"मघाचाच."

"मंग आता काय चालू हाये तिथं?"

मी मोबाईल खिशात घातला.

"आबाजी बरोबर बोलून राह्यले," कॉलेजात शिकणारी माझी मुलगी म्हणाली. तिनं मोबाईलवरूनच एक कॅमेरा मागवला. सोलरवर चालणारा, आत सिमकार्ड असलेला, मान वळवणारा, आणि इकडून बोललं की तिकडे ऐकू जाणारा, तिकडचं इकडे. धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, लोखंडी खांब रोवून तो बसवला. लोकांना सांगितलं, केबलचोरांसाठी आहे. बाबांच्या हातात तिनं आपला जुना मोबाईल दिला.

पहिल्या दिवशी बाबा नुसते पाहत राहिले. दुसऱ्या दिवशी हरभऱ्यात रोही शिरले, नीलगायींचा अख्खा कळप. बाबांनी खाटेवरून अशी आरोळी ठोकली की रोही पळालेच, पण शेजारच्या वावरात तूर सोंगणारी एक बाईही विळा टाकून पळाली. त्या दुपारी बाबांनी दोन भाकरी खाल्ल्या.

आमच्याकडे धुऱ्यावर माणूस दिसला आणि न बोलता कोणी पुढं गेलं, तर भांडण आहे असं समजतात. आता खांब बोलायला लागला म्हटल्यावर खांबालाही तोच नियम लागू झाला. जाणारा येणारा थांबून खांबाला राम राम घालू लागला. कोणी बैलाचा सोललेला खांदा दाखवायचा, कोणी पोरीची सोयरीक जमल्याचं सांगायचा. बाबा खाटेवरून सल्ला द्यायचे, तोही धुऱ्यावरून द्यावा तितक्या मोठ्या आवाजात. मला लाज वाटायची. "हळू बोला, त्यात ऐकू येतं," असं मी सांगून पाहिलं.

"माणूस कुठी, अन् मी कुठी! हळू काऊन बोलू?"

मुलगी म्हणाली, आबाजींना माझ्यापेक्षा जास्त फॉलोअर आहेत. माय मात्र मोबाईलकडे पाठ करून डाळ निवडायची.

धुऱ्यापलीकडचं वावर ज्याचं, तो आमचा धुरेकरी बाबांच्याच वयाचा. दोघांनी उभा जन्म एकाच्या तळहातावर तंबाखू मळून अर्धी अर्धी खाल्लेली. एका दुपारी तो खांबाखाली आला, तंबाखू मळली, चोळली, आणि सवयीनं तळहात वर कॅमेऱ्यासमोर धरला. इकडे खाटेवर बाबांनी हात पुढं केला. चिमूट काचेला लागली. मग त्यांनी हात गोधडीत घेतला आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. मला फार वाईट वाटलं. कॅमेरा आणला नसता तर बरं झालं असतं, असंही वाटून गेलं.

त्यानंतर आठवडाभरानं मी सुट्टीच्या दिवशी बाजारातून आलो, तर खाट रिकामी. वॉकरही नाही. खाटेवर माय बसलेली, डोळ्यांना चष्मा, हातात तो मोबाईल. पडद्यावर आमचा धुरा दिसत होता आणि धुऱ्यावर बाबा बसले होते. मागे धुरेकऱ्याची बैलगाडी, तिच्यात कडब्यावर दोन गाद्या अंथरलेल्या.

हे सगळं बाबांनी खांबावरूनच ठरवलं होतं, घरात, आम्हा सगळ्यांसमोर, मोठ्या आवाजात. त्यांच्या बोलण्याकडे लक्ष न देण्याची आम्हाला सवय झाली होती.

माझं डोकं फिरलं. खुबा निखळला म्हणजे? मी मोबाईल घ्यायला हात पुढं केला, खांबावरून चांगली खरडपट्टी काढणार होतो. मायनं तो दिला नाही.

"बोल्याचं बटन कोन्तं?" तिनं विचारलं.

मी दाखवलं. तिनं ते दाबून धरलं, पदर सारखा केला आणि म्हणाली, "ऐकलं का?"

पडद्यावर दोन्ही म्हाताऱ्यांनी एकदम माना वर केल्या. धुरेकऱ्याची बायकोही त्याला अशीच हाक मारते. मग बाबांना आवाज ओळखू आला. त्यांनी डोक्यावरची टोपी नीट केली.

"हाव, ऐकून राह्यलो."

आता माय बाबांना रागावेल म्हणून मी वाट पाहत उभा. तेवढ्यात माझं लक्ष बाबांच्या पायांकडे गेलं. पायात त्याच वहाणा होत्या, गव्हाच्या पोत्यांमागच्या. कोठीची किल्ली मायच्या कमरेलाच होती.

"बसा थोडं अजून," माय म्हणाली. "घाई करू नोका."

तिनं बटन सोडलं. धुरेकऱ्यानं खिशातून पुडी काढली, तंबाखू मळली आणि तळहात बाबांपुढं धरला. बाबांनी आधी कॅमेऱ्याकडे पाहिलं.

मायनं मोबाईल पालथा करून मांडीवर ठेवला आणि मला विचारलं, "च्या मांडू का तुले?"