पहिल्या पानावरचा खुनी

सायलस ट्रेगियाच्या वाट्याला चाळीस मैल कुंपण होतं आणि डचेस नावाची एक घोडी. रानकुत्री मेंढरांत शिरू नयेत म्हणून तार तपासत जायचं, भोक दिसलं की शिवायचं. घोडीशी बोलावं, तर तिला कुंपणाखेरीज विषय नाही.

दर सोमवारी तो मधल्या फाटकाशी पोचे. पलीकडचं कुंपण कॉर्नी देवलिनचं. तो यायचा गुरुवारी. अकरा वर्षांत दोघांची भेट एकदाच झाली, लोकर कातरणीच्या वेळी. "उकडतंय," कॉर्नी म्हणाला. "हो ना," सायलस म्हणाला. एवढं बोलून दोघेही दमले.

खरा संवाद फाटकाला टांगलेल्या रॉकेलच्या डब्यात चाले. त्यात पुस्तकं असत: आपल्याच मुलखातल्या एका लेखकाच्या साहसाच्या नि गुप्तहेरीच्या कादंबऱ्या. त्यांत बोटी बुडत, हिरे हरवत, आणि प्रत्येक प्रकरणाअखेर कोणीतरी खिडकीतून उडी मारी. कॉर्नी आधी वाचायचा आणि पहिल्याच पानावर पेन्सिलीनं लिहायचा, "खुनी डॉक्टर आहे. उगाच डोळे फोडू नकोस, गाढवा." सायलस शिव्या हासडत वाचायचा, कारण निम्म्या वेळा कॉर्नी चक्क खोटं लिहायचा. शेवटच्या पानावर सायलसचं उत्तर: "खुनी मेव्हणा निघाला. गाढव तू, तुझा बाप आणि तुझा घोडा."

एका सोमवारी डब्यात नवं पुस्तक आलं. पहिलं पान कोरं.

सायलसला हवं होतं ते हेच. पण वाचवेना. तीन प्रकरणं झाली, दोन बोटी बुडाल्या, तरी लक्ष कोऱ्या पानावर. म्हातारा मेला की काय? शेवटी कुंपण वाऱ्यावर सोडून तो फाटकाशीच गुरुवारपर्यंत बसला.

आला तो वॉली नावाचा तरणा गडी.

"कॉर्नी कुठाय?"

"देवलिनबाबा? किनाऱ्यावरच्या इस्पितळात. डोळे गेले त्यांचे. पुस्तक नाकाला चिकटवून वाचायचे म्हणे. जाताना सांगून गेले, पुस्तकं या डब्यात टाकत जा. तुम्ही कोण त्यांचे?"

सायलसनं बराच विचार केला. "मी पुढचं कुंपण."

त्यानं पुस्तक त्याच दुपारी वाचून संपवलं. खुनी बोटीचा कप्तान होता. मग पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: "नर्सबाई, हे त्याला मोठ्यानं वाचून दाखवा. खुनी स्वयंपाकी आहे, गाढवा." आता ऐकावंच लागेल लेकाला, शेवटपर्यंत! टपाल नेणाऱ्या उंटवाल्याकडे त्यानं पुस्तक सोपवलं.

पुढच्या सोमवारी डब्यात नवी कादंबरी होती. वॉली सज्जन मुलगा. पहिल्या पानाला त्याचं बोटसुद्धा लागलं नव्हतं. सायलसनं ते कोरं पान घोडीला दाखवलं.

"उकडतंय," तो म्हणाला.

डचेसनं कुंपणाकडे पाहिलं.