एक ताट जास्त

विजयाबाईंना फ्लॅशकार्डांचा मनापासून तिटकारा. कोलकात्यात गार्डन रीचला मुलाच्या रेल्वे क्वार्टरमध्ये राहायला आल्यापासून साडेतीन वर्षांच्या नातीला, केतकीला, त्या आपल्या पद्धतीने गणित शिकवत होत्या. दोरीवरचे मोजे काढले की जोड्या लावायच्या. भाजीची परवलं लहान-मोठी अशी रांगेत मांडायची, मगच आजी चिरायला घेणार. अख्खी पोळी संपत नसेल तर अर्धी मागायची, आणि अर्धी म्हणजे केवढी ते बोटाने दाखवायचं.

जेवणाची ताटं मांडणं हे तर केतकीचं हक्काचं काम. माणसागणिक एक ताट, आणि वाढणारीचं सगळ्यात आधी, ही आजीची अट. सासरच्या मोठ्या पंगतीत वाढता वाढता विजयाबाईंचं स्वतःचं ताट कायम राहून जाई, आणि कुणाच्या लक्षातही येत नसे. ते त्यांच्या मनाला अजून लागायचं.

सून ऋता आयटीत. तिला धीर नव्हता.

"आई, शेजारचा ऋषभ शंभरपर्यंत धडाधड म्हणतो. शाळेच्या मुलाखतीत ही अडली, तर संध्याकाळचा क्लास लावणार हं मी."

"खुशाल लाव. आधी अडू तर दे!"

बोलल्या ठणकावून, पण संध्याकाळीच तर ती पोर त्यांची असायची. तीच वेळ गेली तर या परक्या गावात करायचं काय?

मुलाखतीत मिसने टेबलावर तीन बाहुल्या बसवल्या, हातात वाढायचा खेळण्यातला डाव घेतला आणि केतकीपुढे बशा ठेवल्या. "खाना मैं दूँगी. तुम प्लेट लगाओ."

केतकीने प्रत्येक बाहुलीपुढे एकेक बशी ठेवली. मग चौथी उचलली.

"डॉल कितनी हैं, बेटा?"

"तीन."

"और प्लेट?"

"चार."

मिसने पेन उचललं. ऋताचा चेहरा पडला. तिच्या शेजारी बसलेल्या विजयाबाईंच्या अगदी जिभेवर आलं होतं, पण त्यांनी ओठ घट्ट मिटले. आपण शिकवलंय ना, मग पोर बघून घेईल.

केतकी टेबलाला वळसा घालून गेली आणि चौथी बशी तिने मिसपुढे ठेवली. "ये आपका. वाढणारीचं पहिलं असतं. मैं भूल गई."

मिसला अर्धंच कळलं. उरलेलं ऋताने हिंदीत सांगितलं. मिसने पेन खाली ठेवलं, कोपऱ्यातल्या आपल्या न उघडलेल्या जेवणाच्या डब्याकडे पाहिलं आणि मोकळेपणी हसली. "इसको सब आता है," ती म्हणाली.

परतताना ऑटोत केतकी आजीच्या मांडीवर झोपली. ऋताने फोनमधून क्लासचा नंबर काढून टाकला. मग ती विजयाबाईंकडे वळली.

"आई, तुमचं ताट असं किती वर्षं राहून गेलं?"

"कोण जाणे," विजयाबाई म्हणाल्या. "तेव्हा मला कुणी मोजायला शिकवलं नव्हतं."